पाणी ठेवलंय, तरी माणसं पीत नाहीत

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी परभणीत छोटी बांधकामं घेतो. आधी मिस्त्री होतो, आता गुत्तेदारी करतो. सध्या वसमत रोडला एका घराचं काम चालू आहे, तळमजला आणि वर एक मजला. माझ्याकडं 14 माणसं आहेत, त्यात 5 बाया. मागच्या आठवड्यात जिंतूरकडचं 19 वर्षांचं एक पोरगं बिगारी म्हणून लागलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी दोनच्या सुमारास वाळूची घमेली वर नेताना त्याच्या पिंढऱ्यांत गोळे आले. डोकं दुखतंय म्हणाला आणि जिन्यातच बसला. मग उलटी झाली, डोळ्यांपुढं अंधारी आली. आम्ही तोंडावर पाणी मारलं, थंड पेय पाजलं, दवाखान्यात नेलं. दोन सलाईन लावल्या. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी कमी झालं. पोरगं दुसऱ्या दिवशी गावाकडं गेलं.

बाकीचे म्हणतात पोरगं नाजूक होतं, आजकालच्या पोरांना ऊन सोसत नाही. पण माझ्या मनाला लागलंय. मी रोज पाण्याचे दोन जार आणतो. संध्याकाळी एकात पाणी उरलेलं असतं. पाणी प्या म्हणून ओरडून सांगतो. बाया तर जारकडं फिरकत नाहीत, सांगितलं की हसतात. मालक म्हणतो, पावसाळ्याआधी स्लॅब पडला पाहिजे, आणि खर्च वाढवू नका. मी काय करू? सगळ्यांना आठवड्याला एक सलाईन लावून घेतली तर चालेल का?

एक गुत्तेदार, परभणी

—

दादा,

आधी हिशेब करू. दोन जार म्हणजे 40 लिटर. माणसं 14. दोन्ही जार रिकामे झाले असं धरलं तरी माणशी तीन लिटर येत नाहीत, आणि तुमच्याकडं तर एकात पाणी उरतं. त्यातलंच थोडं हात धुवायला, थोडं चहाला गेलं असणार. एकेकाच्या पोटात दिवसभरात दीड-दोन लिटर गेलं असेल तर खूप झालं.

आता अंगातून किती जातं ते बघा. उन्हात घमेली उचलणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम जातो, काम जड असेल तर त्याहूनही जास्त. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली निओश ही सरकारी संस्था सांगते की उन्हातल्या कामात दर 15-20 मिनिटांनी एक पेला, म्हणजे साधारण पाव लिटर पाणी प्यावं. तासाला पाऊण ते एक लिटर झालं. आठ तासांचे सहा ते आठ लिटर. तुमच्या 14 माणसांना दिवसाला पाच जार लागतात, दादा. दोन नाही. आणि एका जारची किंमत बिगाऱ्याच्या तासाभराच्या मजुरीएवढीही नाही.

पण नुसते पाच जार आणून ठेवले तर संध्याकाळी तीन भरलेले राहतील, हे तुम्हालाही माहीत आहे. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. पाणी समोर आहे आणि माणसं पीत नाहीत. ओरडून सांगण्यानं ते सुटायचं नाही, कारण प्रत्येकाकडं न पिण्याचं काहीतरी कारण आहे, आणि त्यातली बरीचशी कारणं साईटच्या मांडणीत आहेत. ती मांडणी तुमच्या हातात आहे.

त्याआधी आपल्याकडच्या उन्हाबद्दल. हे ऊन फसवं आहे. मुंबईत माणूस घामानं निथळतो, शर्ट अंगाला चिकटतो, त्याला कळतं की घाम चाललाय. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की घाम आल्या आल्या उडून जातो. अंग कोरडंच दिसतं. माणूस म्हणतो, मला कुठं घाम येतोय? पण दुपारी त्याच्या शर्टाची पाठ बघा. निळ्या, काळ्या शर्टावर तर लांबूनही दिसतं: खांद्यांच्या मधे आणि काखेखाली पांढरे पट्टे उमटलेले असतात, कडेला नकाशासारख्या रेघा. नखानं खरवडलं तर पांढरा भुगा निघतो. ते त्याच्या अंगातलं मीठ आहे. पाणी उडून गेलं, मीठ कापडावर राहिलं. ज्याच्या पाठीवर असे पट्टे दिसतील त्याला हाक मारून खाली बोलवा, त्याला तहान लागलेली असो वा नसो.

तहान उशिरा लागते म्हणूनच हे सांगते. 60 किलोच्या माणसाच्या अंगातून सव्वा लिटर पाणी कमी झालं की त्याची ताकद आणि लक्ष दोन्ही कमी व्हायला लागतात. पाय ठेवायचा असतो एका फळीवर आणि पडतो भलतीकडं. परांचीवरून पडलेल्या माणसाच्या नोंदीत ‘तोल गेला’ एवढंच लिहिलं जातं. तोल कशानं गेला, सकाळपासून तो किती पाणी प्यायला होता, हे कुणी विचारत नाही.

आणि पेपरात येणारा आकडा. कृषी विद्यापीठातून 43 किंवा 44 अंश म्हणून जे तापमान छापून येतं ते सावलीतलं असतं. तापमापी पांढऱ्या लाकडी जाळीच्या पेटीत, जमिनीपासून वर ठेवलेली असते. तुमचा सळई बांधणारा माणूस उघड्या स्लॅबवर, तापलेल्या लोखंडावर ओणवा असतो. त्याच्या अंगाला लागणारी धग त्या आकड्यात येत नाही. जूनच्या तोंडाशी, ढग यायला लागले की लोक म्हणतात आता ऊन उतरलं. तेव्हाही सावध राहा. हवा दमट झाली की घाम उडत नाही, अंगावरून नुसता वाहतो, आणि घाम उडाल्याशिवाय अंग गार होत नाही. पारा 38 वर आला तरी त्या दिवसांत जड काम करणाऱ्याला ऊन बाधू शकतं.

आता त्या पोराबद्दल. तो नाजूक नव्हता. नवा होता. उन्हात काम करायची सवय अंगाला एका दिवसात लागत नाही, त्याला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात अंग हळूहळू शिकतं: घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं, छातीची धडधड उतरते. तोवर नव्या माणसाला जुन्याएवढं काम दिलं तर त्याचं हृदय एकीकडं स्नायूंना आणि दुसरीकडं कातडीला रक्त पुरवता पुरवता थकतं. उघड्यावरच्या कामात उष्म्यानं झालेल्या मृत्यूंमध्ये निम्म्याहून जास्त माणसं कामाच्या पहिल्या काही दिवसांतच दगावलेली आढळतात. तुमच्या पोराचा दुसरा दिवस होता.

निओशचा नियम सोपा आहे. अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचवा हिस्सा, दुसऱ्या दिवशी दोन हिस्से, असं वाढवत पाचव्या दिवशी पूर्ण. उरलेला वेळ त्याला सावलीतलं काम द्या. विटा भिजवू द्या, वाळू चाळू द्या, सामान मोजू द्या. मजुरी मात्र पूर्ण द्या. हे मी मुद्दाम सांगते. पाचवा हिस्सा काम म्हणून पाचवा हिस्सा पैसे असं केलंत तर कुठलंही पोरगं ‘मला ऊन सोसतं’ म्हणून पहिल्याच दिवशी घमेलं उचलणार, आणि डोकं दुखायला लागलं तरी तोंड उघडणार नाही.

जुन्या माणसांनाही हे लागू आहे, त्यांच्याकडं मात्र कुणाचं लक्ष जात नाही. मे महिना म्हणजे लगीनसराई. मिस्त्री आठ दिवस गावाकडं जातो, भावकीतली दोन लग्नं उरकतो, रात्र-रात्र जागतो, थोडी घेतो, आणि सोमवारी सकाळी थेट साईटवर. आठवडाभर उन्हातलं काम सुटलं की अंगाची सवयही सुटायला लागते. असा माणूस परत आला की पहिल्या दिवशी निम्मं काम, मग वाढवत चौथ्या दिवशी पूर्ण. जुलाब, तापातून उठलेल्यालाही तेच.

आता न पिण्याची कारणं. उद्या दुपारी एक वाजता जार कुठं आहे आणि माणसं कुठं आहेत, एवढंच बघा. जार खाली गेटजवळ, सिमेंटच्या गोण्यांशेजारी. माणसं वर स्लॅबवर. सेंट्रिंगची टोळी उक्त्यावर काम करते, म्हणजे खाली उतरून पाणी पिऊन वर चढण्यात गेलेली दहा मिनिटं तिच्याच खिशातून जातात. ती कशाला उतरेल? पाणी वर गेलं पाहिजे. दोन बाजूंना दोन डेरे ठेवा, गोणपाट गुंडाळून, ओलं करून, फळ्यांच्या सावलीत. डेऱ्यातलं पाणी गार राहतं, आणि गार पाणी माणूस जास्त पितो. उन्हात तापलेलं प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी घोटभर पिऊन माणूस बाटली ठेवून देतो. बोअरचं मचूळ पाणी असेल तर तेही कुणी पोटभर पीत नाही. आणि स्लॅबवर पाणी मारायला भरून ठेवलेल्या टाकीतलं, शेवाळ धरलेलं पाणी कुणी प्यायला घेत असेल तर ते आजच बंद करा. त्यातून जुलाब लागले तर अंगातलं होतं तेवढं पाणीही जाईल.

दुसरं कारण कुणी पत्रात लिहीत नाही. जारावर एकच पेला असतो, साखळीनं बांधलेला किंवा उपडा घातलेला. कुणाच्या हातचा, कुणाच्या तोंडाचा, हे आपल्या गावांत अजून बघितलं जातं, आणि ज्याला आयुष्यभर वरून ओंजळीत पाणी मिळालंय तो माणूस त्या पेल्याला हात लावताना थबकतो. तो काही बोलणार नाही. तहानलेला राहील. प्रत्येकाला आपापली दोन लिटरची बाटली किंवा कॅन द्या, वर नाव लिहा, ओलं फडकं गुंडाळायला सांगा. डेऱ्याला तोटी बसवा, म्हणजे बुडवायचा प्रश्न राहत नाही. याचा आणखी एक फायदा: दुपारपर्यंत कुणाची बाटली किती वेळा भरली हे मुकादमाला दिसतं.

आणि आता बाया. त्या हसतात असं तुम्ही लिहिलंत. दादा, मनात काय आहे ते त्यांना तुमच्यापुढं बोलता येत नाही, म्हणून त्या हसतात. तुमच्या साईटवर बायांनी जायचं कुठं? पुरुष भिंतीच्या आडोशाला उभे राहतात. बाईला दार लागतं. ते नसेल तर ती सकाळी घरून निघताना जे जाऊन येते ते थेट अंधार पडल्यावर. मधल्या दहा तासांसाठी तिनं स्वतःच हिशेब लावलेला असतो: पाणी प्यायलं की जावं लागणार, म्हणून प्यायचंच नाही. जवळून बघा, त्या बाटली तोंडाला लावतात, पण बऱ्याच जणी चूळ भरून टाकून देतात. तोंड ओलं होतं, घोट पोटात जात नाही. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, त्यावर चुंबळ, त्यावर घमेलं, आणि पोटात पाणी नाही.

माझ्याकडं ‘उन्हाळी लागली’ म्हणून येणाऱ्या बायांत बिगारी काम करणाऱ्या किती असतात, हे तुम्ही एकदा येऊन बघावं. लघवीला आग, थेंब-थेंब, ओटीपोट दुखतं, कधी थंडी वाजून ताप. कमी पाणी आणि तासन्‌तास रोखून धरलेली लघवी, यातून जंतुसंसर्ग होतो, तो वर मूत्रपिंडापर्यंत जातो. पोटुशी बाई असेल तर दिवस भरण्याआधी कळा सुरू होण्याचा धोका असतो. हे सगळं एका दाराच्या अभावी.

म्हणून पाच जारांच्याही आधी मी तुम्हाला हे काम सांगते: पत्र्याचा संडास उभा करा. सेप्टिक टँक खोदून झाला असेल तर त्याच्यावर, नसेल तर शोषखड्डा घेऊन. आतून कडी, आत पाण्याचं पिंप, एक डबा, पायाखाली सिमेंटचा थर. जागा तुम्ही ठरवू नका. टोळीतली जी थोरली बाई असेल तिला विचारा, कुठं बांधू, दार कुणीकडं करू. ती सांगेल तिथंच बांधा, नाहीतर बांधूनही कुणी वापरणार नाही. तुमच्या घरातून वहिनींनी एकदा साईटवर येऊन बायांशी बोललं तर आणखी चांगलं. दार झालं की आठ दिवसांत बाया पाणी प्यायला लागतील, त्यांना ओरडावं लागणार नाही.

प्यायचं काय, हे थोडक्यात सांगते. साधं गार पाणी सगळ्यात आधी. त्याबरोबर ताक, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं. आंबील तर पोटाला आधारही देते. दिवसाला दोनदा, अकरा आणि चार वाजता, यातलं काही दिलंत तर घामातून गेलेलं मीठ बरंचसं भरून निघतं. भाकर, ठेचा, लोणचं असं जेवण पोटभर होत असेल तर मिठाच्या वेगळ्या गोळ्या लागत नाहीत. पण सकाळी नुसत्या चहावर आलेला माणूस दुपारी गळणारच. एका तासात दीड लिटरच्या वर पाणीही ढोसू नये, त्यानं रक्तातलं मीठ पातळ होऊन झटके येऊ शकतात. थोडं थोडं, सारखं. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड यांचा आजार असलेल्यानं किंवा लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यानं किती प्यायचं ते आपल्या डॉक्टरला विचारावं. रोजे धरणारे मिस्त्री तुमच्याकडं असतील तर त्या महिन्यात त्यांना पहाटेचं आणि सावलीतलं काम द्या, उपास करणाऱ्या बायांनाही.

थंड पेयाची बाटली किंवा त्या कॅफीनच्या एनर्जी ड्रिंकनं तरतरी येते, पण ते पाण्याला पर्याय नाही. रात्रीची दारू तर दुसऱ्या दिवशीच्या उन्हाची तयारीच करून ठेवते, लघवीवाटे पाणी घालवून. आणि ओआरएसचं पाकीट दुकानातून घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेलं आहे का ते वाचून घ्या. खोक्यातली गोड पेयं बरीच वर्षं ओआरएसच्या नावानं खपत होती. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर 2025 मध्ये अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, पेल्यात अर्धं आणि उद्याला अर्धं असं नाही. केलेलं पाणी 24 तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

आता तुमची सलाईन. आठवड्याला एक लावून काही होत नाही. सलाईनमध्ये मीठ-पाणीच असतं, ते अंगात साठून राहत नाही. सोमवारी लावलेली मंगळवारच्या घामाला पुरत नाही. शुद्धीत असलेल्या, उलटी होत नसलेल्या माणसाला तोंडानं दिलेलं ओआरएस तेवढंच काम करतं. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून तिथल्या लोकांकरवी रुग्णांना पाजलं आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. आपल्याकडं अजूनही ‘सलाईन लावल्याशिवाय बरं वाटत नाही’ म्हणणारे आहेत. त्या पैशात तुमच्या साईटला महिनाभराचं ताक येईल.

एका गोळीबद्दल मात्र कळकळीनं सांगते. अंगदुखीची गोळी. मेडिकलमधून सुटी मिळते, डायक्लोफिनॅक नाहीतर आयब्युप्रोफेन, आणि रोज संध्याकाळी, कधी तर सकाळी कामाआधी घेणारे कितीतरी जण आहेत. अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडं रक्त आधीच कमी जातं. त्यात ही गोळी तो पुरवठा आणखी आवळते. एखाद्या वेळी निभावतं. रोज, उन्हाळाभर, वर्षानुवर्षं नाही निभावत. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वात, उसाच्या फडात काम करणारे हजारो तरुण मूत्रपिंडं निकामी होऊन गेले. त्यांना ना साखरेचा आजार होता ना रक्तदाबाचा. नेमक्या कारणांवर संशोधन चालू आहे, पण उन्हातलं जड काम आणि रोजचं कोरडं पडणं याकडं त्यात ठळकपणे बोट दाखवलं जातं. आपला मराठवाडा ऊसतोड्यांचा आणि बिगाऱ्यांचा. मला ही गोष्ट रात्री झोपू देत नाही.

गावाकडं गेलेल्या त्या पोराला निरोप द्या: मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची एक तपासणी करून घे, लघवी काळ्या चहासारखी दिसली किंवा कमी झाली तर लगेच डॉक्टरकडे जा. एरवी सगळ्यांनाच सांगा, लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असली पाहिजे. गर्द पिवळी म्हणजे पाणी कमी पडलं. एवढी खूण प्रत्येकाला वाचता येते, शिकलेला असो वा नसो.

स्लॅबची वेळ बदला. सकाळी सहाला काम सुरू, साडेअकरा-बाराला बंद, चारला परत. स्लॅब ओतायचा दिवस अर्धवट सोडता येत नाही हे खरं, तर तो पहाटे चारला सुरू करा, किंवा रात्री दिवे लावून. मालक कुरकुर करेल तेव्हा त्याला माणसांबद्दल सांगून पटलं नाही तर काँक्रीटबद्दल सांगा. 40 अंशांच्या वर काँक्रीट ओतायचं तर भारतीय मानकात, आयएस 7861 मध्ये, वेगळी काळजी सांगितलेली आहे, कारण त्यातलं पाणी लवकर उडतं आणि स्लॅबला चिरा पडतात. इंजिनिअरला विचारा म्हणावं. चिरा नको असतील तर तोही पहाटेच यायला तयार होईल.

तरीही कुणाला ऊन लागलं तर काय करायचं, हे मुकादमाला पाठ करून ठेवायला लावा. गोळे, डोकेदुखी, मळमळ, चक्कर: लगेच काम बंद, सावली, कपडे सैल, पाय थोडे वर, घोट-घोट ओआरएस. अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा उलट्या होत राहिल्या तर दवाखाना. त्या दिवशी परत काम नाही.

माणूस बरळायला लागला, नाव-गाव नीट सांगेना, झोकांड्या खायला लागला, झटके आले किंवा शुद्ध गेली तर तो उष्माघात समजा. अंगाचा ताप 104 च्या वर गेलेला असतो, कातडी कोरडी असो नाहीतर घामेजलेली. 108 ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत थांबू नका, जागेवरच गार करायला लागा. स्लॅबवर पाणी मारायचा तुमचा पाइप याच कामाचा. फक्त आधी पाइपातलं तापलेलं पाणी बाजूला सोडून द्या, उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी पोळेल इतकं गरम असतं. मग डोक्यापासून पायापर्यंत भिजवा, भिजवत राहा, आणि प्लायवूडच्या तुकड्यानं, पुठ्ठ्यानं, जे मिळेल त्यानं जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर मानेला, काखेत, जांघेत. नुसतं तोंडावर पाणी मारून भागत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, लिंबू, काहीही घालू नका, ते फुप्फुसात जातं. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. तापाची गोळी इथं चालत नाही. उष्माघातात वेळ मिनिटांत मोजायची असते. दवाखान्यात पोचेपर्यंत अंग गार झालेलं असेल तर माणूस वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

राहिला मालकाचा खर्च. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यानं पुरेसं स्वच्छ पिण्याचं पाणी, ते मोरी-संडासापासून निदान सहा मीटर लांब, आणि संडासाची सोय, ही काम देणाऱ्याची जबाबदारी ठरवली. नव्या श्रमसंहितेतही पाणी आणि बायांसाठी वेगळा संडास ही जबाबदारी त्याचीच आहे. कायदा दहा माणसांच्या साईटपासून पुढचा विचार करतो, आणि तुमच्याकडं 14 आहेत; फक्त ठरावीक खर्चाच्या आतलं स्वतःच्या राहण्याचं घर असेल तर त्याला सूट असते. हे मालकाला भांडण म्हणून सांगू नका, माहिती म्हणून सांगा. ज्यांचे 90 दिवस भरलेत त्यांची नावं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात घाला, त्यासाठी लागणारा कामाचा दाखला तुमच्या सहीनं द्या. आणि पुढच्या घराचा गुत्ता बोलताना दर ठरायच्या आधी कागदावर एक वेगळी ओळ लिहा: पाणी, सावली, संडास, आणि पुढं रुपये. सिमेंट-सळईच्या रांगेत. दरात धरलेलं पाणी घासाघीस सुरू झाली की पहिल्यांदा कापलं जातं, वेगळ्या ओळीतलं कापायला मालकाला ते तोंडानं म्हणावं लागतं.